घरगुती संगणक आणि आपली अक्षरे

‘घरगुती संगणक’ हे नाव आता कोणी घेत नाही. संगणक घरात असतो, कचेरीत असतो, खिशातल्या फोनमध्येही असतो. तेव्हा त्याला ‘घरगुती’ असे विशेषण लावण्याचे कारणच उरलेले नाही. पण १९८० नंतरच्या दहा वर्षांत हे एका निश्चित वस्तूचे नाव होते. हातभर लांबीचा एक कळफलक, त्याच्याच पोटात सारे यंत्र, पडदा म्हणून घरचा दूरचित्रवाणी संच आणि वही म्हणून गाण्यांचा टेपरेकॉर्डर, एवढाच या यंत्राचा संसार. मुंबईत दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. दहा वर्षांत संच चाळींतल्या खोल्यांपर्यंत पोचला आणि त्याच्या पाठोपाठ, थोड्या घरांत का होईना, हा संगणकही आला.

या यंत्रांविषयी जे लिहिले जाते त्यात त्यांचा वेग, त्यांची स्मृती आणि त्यांवरचे खेळ यांचे वर्णन पुष्कळ असते. आम्हाला येथे निराळा प्रश्न पाहावयाचा आहे. मराठी घरात शिरलेल्या या यंत्राला मराठी लिहिता येत होते काय? येत नसेल तर ते कशामुळे? आणि त्याच सुमारास, जवळजवळ त्याच सुट्या भागांतून बनलेले यंत्र कोरियातील घरांत आपली लिपी बरोबर घेऊन शिरले, ते कसे? एकाच यंत्राचे जे अनेक प्रकार, जी भावंडे म्हणू, बाजारात निघाली त्यांचा उलगडा या प्रश्नाच्या अंगाने बराच होतो. शिवाय हा प्रश्न केवळ जुन्या वस्तूंच्या हौसेचा नाही. गिरगाव, दादर, लालबाग, परळ या भागांतील मंडळांनी, वाचनालयांनी आणि छापखान्यांनी १९९० नंतर संगणकावर जे मराठी लिहून ठेवले त्यातले किती आज वाचता येते, हा त्याचाच पुढचा भाग आहे.

मुंबईला संगणक नवा नव्हता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला ‘टिफ्रॅक’ १९६० साली कामास लागला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. पण ते खोलीभर पसरलेले, निर्वात नळ्यांचे यंत्र. शास्त्रज्ञांना त्यावर गणिते करावयाची होती. त्याला आकडे आले म्हणजे पुरे होते. त्याने मराठीत पत्र लिहावे अशी कोणाची अपेक्षा नव्हती. अपेक्षा उत्पन्न झाली ती यंत्र घरात आल्यावर. घरात पत्रे लिहिली जातात, मुलांचा अभ्यास होतो, जमाखर्च मांडला जातो, आणि हे सारे मातृभाषेत होते.

ज्या १९८२ सालच्या जानेवारीत लालबाग-परळच्या गिरण्या संपामुळे बंद पडल्या, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ नावाचा संगणक विक्रीस काढला. त्याच्यात झेड-८० जातीचा प्रोसेसर होता. त्याचा वेग सेकंदाला ३५ लाख ठोके, आणि कामाची स्मृती १६ किंवा ४८ किलोबाइट. आजच्या फोनवरील एका साध्या छायाचित्राला याहून कितीतरी अधिक जागा लागते. प्रोग्रॅम कॅसेटवर असे. टेपरेकॉर्डर चालू केला की कर्कश चिरचिर ऐकू येई आणि मोठा प्रोग्रॅम यंत्रात उतरावयास चार-पाच मिनिटे लागत. भारतात आयात संगणकावर जकात जबर असल्यामुळे हे यंत्र सरळ विकत घेणे थोड्यांनाच शक्य होते. काहींचे नातेवाईक परदेशाहून येताना ते घेऊन येत. पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने ते येथे काढले.

या एका यंत्राची भावंडे किती झाली ते पाहण्यासारखे आहे. १६ किलोबाइटचा आणि ४८ किलोबाइटचा हे दोन भाऊ तर जन्मापासूनचे. बाहेरून सारखी दिसणारी यंत्रे आतून निराळी असत, कारण आतली पाटी कारखान्यात वरचेवर सुधारली जाई. त्या सुधारणांना ‘इश्यू’ म्हणत. इश्यू २ च्या पाटीवर नीट चालणारा एखादा खेळ इश्यू ३ वर कळा दाबलेल्या ओळखतच नसे. १९८४ मध्ये रबरी कळांच्या जागी कठीण कळा आल्या आणि यंत्राच्या नावापुढे ‘प्लस’ लागले. १९८६ मध्ये सिंक्लेअरचा हा धंदा ॲमस्ट्रॅडने घेतला. मग अंगातच टेपरेकॉर्डर असलेला एक आणि अंगातच डिस्क असलेला एक, असे आणखी दोन निघाले.

पण सर्वांत बोधप्रद भावंड १९८५ सालचे. १२८ किलोबाइट स्मृतीचा स्पेक्ट्रम इंग्रजांच्या देशात आधी न विकता स्पेनमध्ये विकला गेला. त्याचे कारण कायदा. स्पेनच्या सरकारने ६४ किलोबाइट वा त्याहून कमी स्मृतीच्या संगणकांवर खास कर बसविला होता, आणि देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक संगणकाला स्पॅनिश वर्णमाला आली पाहिजे, त्याचे संदेश स्पॅनिशमध्ये दिसले पाहिजेत, असा नियम केला होता. स्पॅनिश वर्णमाला म्हणजे रोमनच. तिच्यात डोक्यावर नागमोडी रेघ असलेला एक ‘न’ अधिक. तेवढ्या एका अक्षराकरिता त्या सरकारने कायदा केला आणि कारखान्याने तो मुकाट्याने पाळला.

आता देवनागरीकडे वळू. स्पेक्ट्रमच्या पडद्यावर आडवे २५६ आणि उभे १९२ ठिपके. प्रत्येक अक्षराला आठ ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच असा एक चौकोन मिळे. असे चौकोन ओळीत ३२ आणि ओळी २४. रोमन अक्षराला हा चौकोन पुरतो, किंबहुना एक ठिपक्याची मोकळी कड सोडूनही पुरतो. देवनागरीचे तसे नाही. शिरोरेखेला आठांपैकी एक ओळ द्यावी लागते. तिच्यावर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार यांना निदान दोन ओळी. खाली उकारासाठी दोन. आठांतून पाच गेल्या, उरल्या तीन. तीन ओळींत ‘ळ’ काढून पाहावा, म्हणजे अडचण कोणालाही समजेल. ‘क्ष’ची तर गोष्टच नको.

यंत्राने एक सवलत दिली होती. वापरणाऱ्याने स्वतः आकार द्यावा अशा २१ अक्षरांची जागा त्यात मोकळी ठेवलेली असे. आवडीप्रमाणे अंतराळयान काढा, पक्षी काढा, नाहीतर अक्षर काढा. हौशी मुलांनी त्यात ‘क’ आणि ‘ग’ही काढले. पण मराठीची व्यंजनेच ३४. स्वर, त्यांची चिन्हे आणि जोडाक्षरे निराळीच. अधिक खटपट करून इंग्रजीची सारी ९६ अक्षरे बाजूस सारता येत आणि त्या जागी आपली बसविता येत. दोन चौकोन एकावर एक ठेवून उंच अक्षरही जुळविता येई. मग पडद्यावर बारा ओळी मावत आणि यंत्र इंग्रजी विसरे. घरी बसून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हे साधत असे, घरच्या इतरांना त्याचा उपयोग नव्हता.

शाळांतील स्थिती फारशी निराळी नव्हती. १९८४-८५ मध्ये भारत सरकारने ‘क्लास’ ही संगणक-साक्षरतेची योजना आरंभिली आणि सुमारे २५० शाळांत ब्रिटिश एकॉर्न कंपनीचे ‘बीबीसी मायक्रो’ ठेवले. हे यंत्र स्पेक्ट्रमहून दणकट. त्याचेही अ आणि ब असे दोन नमुने, पुढे त्यांची वाढीव रूपे. चंदीगडनजीक मोहाली येथील सरकारी सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सने ते ‘युनिकॉर्न’ या नावाने बनविले. नाव बदलले, घडण तीच राहिली, आणि अक्षरेही इंग्रजीच राहिली. त्या कारखान्याला ७ फेब्रुवारी १९८९ रोजी आग लागली आणि देशी चिपांची वाट कित्येक वर्षांसाठी खुंटली.

याच वेळी कोरियात काय घडत होते? तेथेही सरकारने १९८३ च्या सुमारास शाळांसाठी पाच हजार संगणकांची योजना आखली आणि सॅमसंग, गोल्डस्टार, ट्रायजेम अशा देशी कंपन्यांना कामास लावले. सॅमसंगचा ‘एसपीसी-१०००’ हा त्या काळचा. त्यातही झेड-८० जातीचाच प्रोसेसर, ६४ किलोबाइट स्मृती, आणि टेपरेकॉर्डर यंत्राच्या अंगातच बसविलेला. सुटे भाग पाहिले तर या यंत्रात आणि आपल्याकडच्या स्पेक्ट्रममध्ये जात एकच.

कोरियातील ज्या यंत्राची भावंडे सर्वांत अधिक झाली ते मात्र देवू कंपनीचे. १९८३ साली जपानात ‘एमएसएक्स’ नावाचा एक करार झाला. निरनिराळ्या कंपन्यांनी यंत्रे आपापल्या परीने करावी, पण प्रोसेसर, चित्राची चिप, आवाजाची चिप आणि आतली बेसिक भाषा सर्वांनी एकच ठेवावी, म्हणजे एका कंपनीच्या यंत्रावरचा प्रोग्रॅम दुसरीच्या यंत्रावर चालेल, असा तो ठराव. सोनी, तोशिबा, यामाहा, फिलिप्स यांच्याबरोबर कोरियाच्या तिन्ही मोठ्या कंपन्या त्यात आल्या. देवूने १९८४ मध्ये ‘डीपीसी-१००’, ‘डीपीसी-१८०’ आणि ‘डीपीसी-२००’ अशी तीन यंत्रे काढली; त्यांतला फरक मुख्यतः स्मृतीच्या कमी-अधिकपणाचा. ‘आयक्यू-१०००’ या नावाने ती घरोघर ओळखली जात. मग ‘आयक्यू-२०००’ आले, ते कराराच्या दुसऱ्या, वाढीव आवृत्तीचे. १९८५ साली त्याच घडणीतून कळफलक काढून टाकला आणि ‘झेमिक्स’ नावाचा केवळ खेळांचा डबा तयार केला. कळफलक गेला की लिहिणे गेले, आणि किंमत उतरली; मुलांच्या हाती पडले ते हेच भावंड.

एमएसएक्स करारात एक शहाणपण होते. चिपा सर्वत्र एकच असल्या तरी अक्षरांचे आकार आणि कळांची मांडणी ज्या कायमच्या स्मृतीत असते ती प्रत्येक देशाला आपली आपण भरता येई. कुवेतच्या ‘सखर’ यंत्रांत अरबी भरली होती आणि ती उजवीकडून डावीकडे उमटे. कोरियन यंत्रांत हंगुल भरली होती. पुढच्या आवृत्तीत तर पडद्याची एक खास अवस्था, ‘स्क्रीन ९’, केवळ हंगुलसाठी ठेवलेली होती; ती इतर देशांच्या यंत्रांत नाही. यंत्र चालू केले, एक कळ दाबली की लिपी तयार. विकत घेणाऱ्याला खटपट काही नाही.

हंगुल सोपी होती म्हणून हे जमले असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. पंधराव्या शतकात राजा सेजोंग याच्या दरबारात निर्माण झालेल्या या लिपीत मूळ अक्षरे २४ आहेत खरी, पण ती रोमनप्रमाणे एकापुढे एक लिहीत नाहीत. व्यंजन, त्याच्या उजवीकडे वा खाली स्वर, आणि तळाशी दुसरे व्यंजन अशी एका चौकोनात रचतात. आपल्या जोडाक्षराची बहीणच म्हणावी. आजच्या भाषेत अशा रचना ११,१७२ होऊ शकतात. त्या यंत्रात ठेवावयाच्या तरी कशा? येथे दोन पंथ पडले. एक पंथ म्हणे, मूळ अक्षरे साठवा आणि पडद्यावर दाखविताना जुळवा. दुसरा म्हणे, तयार चौकोनच साठवा आणि प्रत्येकाला क्रमांक द्या. १९८७ च्या सरकारी प्रमाणकाने दुसरा पंथ धरला आणि नित्य लागणारे २,३५० चौकोन निवडले. उरलेले जवळजवळ नऊ हजार वाऱ्यावर! १९९० साली एक दूरचित्रवाणी मालिका निघाली. तिच्या नावाचे पहिलेच अक्षर त्या यादीत नव्हते. वाद पुष्कळ वर्षे चालला, आणि १९९६ मध्ये युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्व ११,१७२ रचनांना जागा मिळाली तेव्हा कोठे तो निवळला. ध्वनी साठवावा की आकार साठवावा, हाच वाद आपल्याकडेही होऊन गेला. फक्त तो कोणी मोठ्याने घातला नाही. त्याकडे आपण लवकरच येऊ.

१९८९ साली कोरियाच्या शिक्षण खात्याने शाळांसाठी १६ बिटांचे संगणक ठरविले आणि आयक्यू, एसपीसी वगैरे ८ बिटांच्या यंत्रांचे दिवस भरले. त्यांची जागा ज्या यंत्राने घेतली त्यानेच मुंबईतही स्पेक्ट्रमची जागा घेतली. ते यंत्र म्हणजे आयबीएमचा ‘पीसी’ आणि त्याच्या नकला. मुंबईत त्यांचे माहेर लॅमिंग्टन रोड.

१९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव या रस्त्याला मिळाले. आज तो डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण सुटे भाग घ्यावयास जाणारा माणूस अजून ‘लॅमिंग्टनला जातो’ असेच म्हणतो. गिरगावातून ऑपेरा हाउसपर्यंत चालत जावे आणि पुढे ग्रँट रोड स्टेशनच्या अंगाने मुंबई सेंट्रलकडे निघावे, की हा बाजार लागतो. येथे आधी रेडिओचे भाग मिळत, मग टेपरेकॉर्डरचे, मग दूरचित्रवाणीचे. नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारने संगणकविषयक नवे धोरण जाहीर करून आयातीची बंधने सैल केली, आणि याच दुकानांच्या फळ्यांवर संगणकाच्या पाट्या येऊन बसल्या.

हे शक्य झाले ते आयबीएमच्या यंत्राच्या घडणीमुळे. ऑगस्ट १९८१ मध्ये निघालेल्या या यंत्राच्या मुख्य पाटीवर पाच रिकाम्या खाचा, म्हणजे स्लॉट, होते. १९८३ च्या ‘एक्सटी’त ते आठ झाले. पडदा कसला लावावयाचा, डिस्क कोणती जोडावयाची, हे स्लॉटात खोचलेल्या कार्डावर अवलंबून. शिवाय यंत्राची विद्युतरचना आयबीएमने पुस्तकात छापली होती. कायमच्या स्मृतीतला मजकूर तेवढा तिच्या हक्काचा होता. तोही इतरांनी, मूळ न पाहता, त्याचे वर्तन तेवढे पाहून नव्याने लिहिला. मग तैवानात आणि कोरियात पाट्या होऊ लागल्या आणि लॅमिंग्टन रोडवर त्यांचे संगणक ‘असेंबल’ होऊ लागले. येथे एका यंत्राची भावंडे मोजताच येत नाहीत. पाटी एकीची, पडदा दुसरीचा, कळफलक तिसरीचा. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या खिशाप्रमाणे एक नवे भावंड. एमएसएक्सने जे कराराने साधले ते येथे बाजाराने साधले.

या कार्डांतील एकाची हकीकत आम्हाला फार आवडते. १९८२ साली अमेरिकेत व्हॅन सुवन्नुकुल नावाचा एक थायलंडचा विद्यार्थी आपला प्रबंध संगणकावर लिहीत होता. त्याला थाई अक्षरे हवी होती. आयबीएमच्या काळ्या-हिरव्या पडद्याचे कार्ड रोमन अक्षरांखेरीज काही उमटवीत नसे. म्हणून त्याने स्वतःच एक कार्ड तयार केले; त्यात आडवे ७२० आणि उभे ३४८ ठिपके वाटेल तसे पेटविता येत. तेच ‘हर्क्युलिस’ कार्ड. थाई लिपीही आपल्याप्रमाणे अक्षराच्या वर-खाली चिन्हे देणारी. तेव्हा तिच्या गरजेतून जे निपजले ते देवनागरीलाही मानवले यात नवल नाही. येथे एका अक्षराच्या वाट्याला उंचीत चौदा ओळी येतात. शिरोरेखा, मात्रा आणि उकार यांचे देणे देऊनही ‘ळ’ला पोट उरते. हे कार्ड स्वस्त होते आणि आपल्याकडच्या एकरंगी पडद्याच्या संगणकांत ते सर्रास असे.

ठिपके मिळाले, पण त्यांना देवनागरी शिकविणारे कोणी पाहिजे होते. ते काम कानपूरच्या आयआयटीत सुरू झाले. १९८३ साली तेथे देवनागरीचे एक यंत्र सिद्ध झाले. त्या कामातील मोहन तांबे पुढे पुण्यास १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’मध्ये आले आणि ‘जिस्ट’ कार्ड तयार झाले. पीसीच्या स्लॉटात ते खोचले की वर्डस्टार, डीबेस असे मुळात इंग्रजीसाठी लिहिलेले प्रोग्रॅम, त्यांच्यातली एक ओळही न बदलता, मराठी दाखवू लागत. प्रोग्रॅमला वाटे की आपण क्रमांक लिहीत आहोत. त्या क्रमांकांची अक्षरे करण्याचे काम कार्ड करी. कोरियन यंत्रात जे कारखान्यातच भरून येई ते आपल्याकडे असे मागाहून, वेगळे पैसे देऊन, खोचावे लागले. त्यामुळे ते कचेऱ्यांत गेले, छापखान्यांत गेले, घरी मात्र फारसे गेले नाही. आपल्या घरगुती संगणकाची ही उणीव आम्हाला मोठी वाटते.

जिस्टमागचा संकेत मात्र उत्तम होता. १९८३ व १९८८ मध्ये सुधारत सुधारत १९९१ साली तो ‘इस्की’ या नावाने भारतीय प्रमाणक झाला. त्याचे तत्त्व ध्वनी साठविण्याचे. ‘स्त्री’ हा शब्द स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ ई असा साठवावयाचा. तो दिसावा कसा हे कार्डाने पाहावे. ‘इनस्क्रिप्ट’ कळफलकही याच तत्त्वावर बेतलेला. पण हे तत्त्व मुंबईच्या सवयीच्या उलट होते, आणि येथेच घोटाळा झाला.

मुंबईचा अक्षरव्यवसाय आकारांवर पोसलेला. निर्णयसागरचे जावजी दादाजी आणि त्यांचे कुशल सहकारी राणोजी रावजी आरू यांनी एकोणिसाव्या शतकात जे सुबक टाइप घडविले त्यांत जोडाक्षरांचे तुकडे, काने, मात्रा यांचे खिळे शेकड्यांनी होते. जुळाऱ्याचा हात खणाकडे जाई तो आकार पाहून. टाइपरायटरचेही तेच. ज्या गोदरेज कंपनीचा कुलुपांचा धंदा १८९७ मध्ये लालबागला सुरू झाला, तिने १९५५ साली पहिला भारतीय टाइपरायटर काढला. २००९ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. मराठी टाइपरायटरवर अर्धा ‘प’ आणि मग काना मारला की पूर्ण ‘प’ होतो. दादर-गिरगावच्या टंकलेखन वर्गांतून ज्या हजारो मुलामुलींनी सरकारी परीक्षा दिल्या त्यांच्या बोटांत ही आकारांची भाषा मुरलेली होती. त्यांना ‘स, हलन्त, त’ परके वाटले.

१९९० नंतर विंडोज आले आणि आकारवाद्यांचे फावले. विंडोजमध्ये कार्डाची गरज नव्हती, नुसता फाँट पुरे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’, बंगलोरची ‘आकृती’ आणि खुद्द सी-डॅकचीही साधने त्यासाठी आली. एका फाँटात रोमन अक्षरांच्या जागी सुमारे दोनशे आकार बसविता येत. त्यात देवनागरीचे तुकडे बसविले आणि टाइपरायटरचीच कळरचना दिली. डीटीपीची दुकाने भराभर निघाली. छपाई सुंदर झाली हे कबूल केलेच पाहिजे. लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत सारे त्यावर जुळविले गेले. पण कोणता तुकडा कोणत्या जागी हे प्रत्येक कंपनीने आपल्या मनाने ठरविले होते. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच, ती रोमन अक्षरांची निरर्थक रांग होती. तिला मराठीचे रूप देणारा फाँट हरवला की रांग तेवढी उरते.

परिणामी एक चमत्कारिक गोष्ट घडली आहे. १९८९-९० सालचा, जिस्ट कार्डावर लिहिलेला मजकूर फ्लॉपीवरून सुटून हाती आला तर आज सुखाने वाचता येतो. कारण इस्कीचा तक्ता छापलेला आहे आणि १९९१ साली युनिकोडने देवनागरीची मांडणी त्यावरूनच घेतली. उलट दहा वर्षांनंतरचा, दिसावयास कितीतरी देखणा मजकूर पाहावा तर हाती लागते रोमन चिन्हांची खिचडी. मंडळाच्या पन्नासाव्या वर्षाची स्मरणिका, ग्रंथालयाची सूची, एखाद्या लेखकाची शेवटची हस्तलिखिते टंकलेल्या फायली, हे सारे या दुसऱ्या वर्गात मोडते.

युनिकोडनेही मराठीला सगळे एकदम दिले असे नाही. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. लग्नघरात हा भेद विसरून चालत नाही. ज्या अर्ध्या ‘र’ने तो दाखवितात त्याचे हिंदीला काम नाही. युनिकोडच्या तक्त्यात त्याची सोय ‘ऱ’ या अक्षराच्या आडून केली आहे, आणि ते अक्षर दक्षिणी भाषांतील एका ध्वनीसाठी म्हणून तेथे आलेले. ‘ॲ’ला तर २००८ सालच्या आवृत्तीपर्यंत थांबावे लागले, तोपर्यंत हिंदी वळणाचा ‘ऍ’ चालवून घ्यावा लागे. अक्षरे पडद्यावर नीट दिसावीत यासाठी ज्यांनी हात चालविला त्यांत र. कृ. जोशी यांचे नाव घेतले पाहिजे. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ फाँट त्यांच्या रेखाटनाचा. तेव्हापासून मात्र लॅमिंग्टन रोडवर जोडलेल्या कोणत्याही भावंडाला, कार्ड न खोचता, मराठी येऊ लागली. देवूच्या यंत्राला हंगुल आली त्यानंतर हे सुमारे सोळा वर्षांनी.

ज्यांच्या कपाटात जुन्या फ्लॉपी आहेत त्यांच्यासाठी कामाच्या चार गोष्टी सांगतो. फ्लॉपीवरचे लोहचूर्ण कायमचे नसते. प्रथम तिची जशीच्या तशी प्रत काढून घ्यावी. मजकुराच्या फायलीबरोबर फाँटाची फाइलही शोधावी आणि दोन्ही एकत्र ठेवाव्यात, कारण तक्ता फाँटातच आहे. छापील प्रत उपलब्ध असेल तर ती टाकू नये. रूपांतर बरोबर झाले की नाही हे तिच्यावरूनच कळते. रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात, पण त्यांच्यापुढे अडचणी आहेत. फाँटात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठविलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफार फाँटात अक्षराच्या नंतर, युनिकोडमध्ये आधी. एका टंकलेखकाने पूर्ण ‘प’ची कळ दाबलेली असते, दुसऱ्याने अर्धा ‘प’ आणि काना. कागदावर दोन्ही सारखेच, यंत्राला दोन निराळे शब्द. तेव्हा तपासणाऱ्याने पहिली वेलांटी, रफार, कान्याने पूर्ण केलेली व्यंजने आणि अर्धा ‘र’ ही चार ठिकाणे आधी पाहावी. बहुतेक चुका तेथेच सापडतात.